मारेत, दोनदा

फेरीच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं बसले.
आधी नंबर, मग माणूस, ही तिथली सवय.
त्यामुळे निवृत्त झाल्यावर लिन्नारने, माझ्या भाच्याने,
वंशावळीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून दिलं
तेव्हा फारसं शिकावं लागलं नाही.

आमच्या सारेमा बेटावर दोनशे वर्षांपूर्वी
शेतकऱ्याला आडनाव नसे. माणूस शेताचा असे.
नोम्मेचा यान. तोच कोप्लीत घरजावई गेला
की कोप्लीचा यान.
मग जहागिरीचा कारकून आला नावं ठेवायला,
आणि ठेवली त्याने, दोन्ही अर्थांनी :
थोरल्याचं आडनाव भूर्ज,
धाकटा ओढ्यापलीकडच्या जहागिरीत, तो लांडगा.
एका आईची पोरं.
चर्चच्या वहीत ती पुन्हा भेटत नाहीत.
माझ्या पडद्यावर
आय-०१०२, आय-०१०३,
बटाट्याच्या पातेल्याभोवती बसल्यासारखी, शेजारी.

टॅगना रंग दिलेत मी.
निळा, समुद्रात राहिलेले.
करडा, रेल्वेने सायबेरियाला नेलेले.
पिवळा, बापाची जागा कोरी.
(पिवळ्याला आधी लाल देणार होते.
मग आठवलं, त्यात आजी येते.)
हिरवा म्हणजे कागद मी डोळ्यांनी पाहिलाय.
हिरवे थोडे आहेत.

हिल्लारमामाला कुठला लावू?
चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात रात्री नावेतून गेला,
स्वीडनकडे. नऊ माणसं, एक शिवणयंत्र.
त्या नावेचं नाव कुणी विचारून ठेवलं नाही.
पोचल्याचं पत्र नाही, बुडाल्याचं लाकूड नाही.
जन्म एकोणीसशे तेराचा.
परवा उघडून पाहते तर सॉफ्टवेअरने परस्पर
त्याला मयत केलेलं :
एकशे दहा वर्षांची मर्यादा, म्हणे, सेटिंगमध्ये.
मी ती दीडशे केली.
मामा जिवंत झाला, पण त्याच्याबरोबर
अर्धं गाव उठून बसलं,
लोहार, सुईण, दारू पिऊन गोठलेला पोस्टमन,
आणि प्रत्येकाच्या नावावर पडदा :
हयात व्यक्ती, माहिती गुप्त.
खूप हसले मी. एकटीच.
बदललं नाही अजून.

रविवारी मात्र ते वेगळंच विचारतं.
आय-०३१८ मारेत, बाप नोम्मेचा यान, आई कद्री.
आय-०३१९ मारेत, बाप नोम्मेचा यान, आई कद्री.
साम्य चौऱ्याण्णव टक्के.
या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?
एकत्र करू?

बोट बटणावर होतं. नीटनेटकेपणाची मलाही हौस.
मग जन्मसाल दिसलं, दोन, आणि खाली चार.
पाद्र्याचा हात चुकला असेल, असं म्हणून
दफनाची वही काढली, शेवटची पानं, ओल चढलेली.
नोम्मेच्या यानची मुलगी. नऊ आठवडे. खोकला.

म्हणजे दोघी.
थोरलीचं झबलं वाया जाऊ नये तसं
तिचं नावही धाकटीला घातलं.
बसलं ते तिला. सात मुलं झाली,
आम्ही सगळे तिचेच, लिन्नार, मी,
टोरांटोतून दर नाताळला चुकीच्या स्पेलिंगचं कार्ड पाठवणारे ते सुद्धा.
थोरलीला पुढे रेघ नाही.
तिला काढली तर झाडाचं एक पान हलत नाही.

कद्रीने हाक मारली असेल, जेव लवकर, मारेत,
तेव्हा दर वेळी किती जणींना?
हे नोंदवायला रकाना नाही.
टॅगही नाही, मी शोधला, रंग संपलेत.

नाही, असं दाबलं.
पुन्हा विचारू नये, यावर खूण करता येते.
ती केली नाही.
दर रविवारी कॉफी ओतून बसते,
ते दोघींची नावं शेजारी शेजारी दाखवतं, विचारतं,
मी सावकाश वाचते, वरची, मग खालची,
आणि सांगते, नाही.